डेव्हिड चेऊलकर : साचा आणि आखणी

परवा श्रावणातील एका पावसाळी संध्याकाळी आमच्या रामवाडीच्या घरी सर्व मंडळी एकत्र बसून 'बूट पॉलिश' हा १९५४ सालचा बोलपट पाहत होती. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि घरातील लहानमोठ्यांचे डोळे पडद्यावरील दोन अनाथ पोरांकडे लागले होते. तेवढ्यात त्या पोरांना धीर देणारा, टक्कल पडलेला, ठेंगणा, पायाने अधू असा जॉनचाचा पुढे आला, आणि आमच्या बारा वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, हे म्हातारे कोण?" आम्ही म्हणालो, "डेव्हिड. डेव्हिड अब्राहम चेऊलकर." त्यावर तो मुलगा चटकन् म्हणाला, "चेऊलकर म्हणजे आपल्या चौलचे का?"

"होय," असे उत्तर आम्ही दिले खरे. परंतु देताना मनात ओशाळलो. ज्या नटास आम्ही तरुणपणापासून पाहत आलो, ज्याच्या नुसत्या हसण्याने कित्येक फिक्या चित्रपटांतही आम्हांस करमले, तो आपल्या शेजारच्या गावचे नाव लावतो, याचा विचार आम्ही कधीच केला नव्हता. जे पोराच्या ध्यानात एका शब्दावरून आले ते आमच्या ध्यानात इतकी वर्षे आले नाही. ही केवळ आमची व्यक्तिगत चूक असती तर ती येथे सांगण्याचे कारण नव्हते. परंतु मराठी रसिकांनी या नटाचा हिशेब मांडताना जी चूक केली तीच ही होय, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईहून दक्षिणेस निघालेला प्रवासी पेण आणि रामवाडी मागे टाकून वडखळास पोहोचला म्हणजे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक पेझारीवरून अलिबागेकडे जातो, दुसरा नागोठण्यावरून रोह्याच्या बाजूस वळतो. या दोन रस्त्यांवरील व त्यांच्या आसपासची गावे मोजीत गेले तर एका लहानशा समाजाच्या आडनावांची यादीच तयार होते: पेणकर, वाकरूळकर, पेझारकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर आणि चेऊलकर. ही सर्व नावे बेने इस्रायल लोकांची. अलिबागेच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' असे साधे व सरळ नाव दिले. शनिवार का पाळता, हे विचारण्याची गावकऱ्यांना कधी गरज वाटली नाही. आपापल्या वारी आपापला देव, इतका समजूतदारपणा या मातीत होता.

या समाजाने आपला धर्म राखला आणि भाषा आमची घेतली. तीही नुसती बाजारहाटापुरती नव्हे. १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायल मंडळींनी हरिदासी थाटाची कीर्तने रचण्यास आरंभ केला. अब्राहाम, योसेफ अशा पूर्वजांची चरित्रे साकी, दिंडी, ओवी अशा वृत्तछंदांत गुंफून, टाळमृदंगाच्या साथीने ती सभेपुढे गायली जात. एलीया पैगंबराच्या नावाने पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा वाटणाऱ्या या लोकांच्या घरी गोष्ट सांगण्याचा ढंग मात्र आमच्या देवळांतलाच होता. रंगभूमी व चित्रपट यांच्याकडेही हा समाज लवकर वळला. भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली निघाला, तो ज्यांच्या नाटकावरून रचला गेला ते पारशी रंगभूमीचे नाटककार जोसेफ डेव्हिड हे आडनावाने पेणकर. आमच्या पेणेत गणपतीच्या मूर्ती, पोहे आणि पापड यांचा अभिमान सर्वांना आहे. परंतु हिंदी बोलपटाचे पहिले पान ज्याच्या लेखणीवरून उतरले त्याच्या आडनावात आपल्या गावाचे नाव आहे, हे सांगणारा मनुष्य आम्हांस आजवर भेटलेला नाही.

डेव्हिड यांचा जन्म १९०९ सालचा. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी १९३० साली मिळविली, कायद्याचेही शिक्षण घेतले. पण तो काळ मंदीचा होता. पदवीधरांचे अर्ज कचेऱ्यांतून जसेच्या तसे परत येत. काही वर्षे नोकरीच्या शोधात घालविल्यावर, मित्राच्या ओळखीने, १९३७ साली भवनानी यांच्या 'झंबो' या चित्रपटात त्यांचा प्रवेश झाला. पुढे १९४१ च्या 'नया संसार'मध्ये ते दिसले. लोकनाट्य संघाच्या, म्हणजे इप्टाच्या, मंडळींशी त्यांचा स्नेह जुळला, आणि बंगालच्या दुष्काळावरील 'धरती के लाल' या १९४६ च्या चित्रपटातही त्यांचे नाव आहे. त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी सतत काम केले. शंभरांहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. आणि त्यांपैकी बहुतेकांत ते कोणाचे तरी काका, मामा, चाचा, डॉक्टर, वकील किंवा शेजारी आहेत.

येथेच टीकाकाराचा पहिला आक्षेप उभा राहतो. आक्षेप असा की, डेव्हिड यांनी जन्मभर एकच भूमिका केली. तोच वाटोळा चेहरा, तेच चकाकणारे टक्कल, तोच घोगरट पण मायाळू आवाज, तेच बोलता बोलता मध्येच फुटणारे हसू. नाव बदलले, पोशाख बदलला, मनुष्य बदलला नाही. मग याला अभिनय कसे म्हणावे?

हा आक्षेप टाकाऊ नाही. आमच्या रंगभूमीने चरित्र-अभिनयाचा जो आदर्श मानला तो निराळा आहे. केशवराव दाते यांचेच उदाहरण घ्या. 'कुंकू' (१९३७) या प्रभातच्या चित्रपटात कोवळ्या मुलीशी लग्न करून बसलेला वृद्ध वकील त्यांनी रंगविला आणि 'शेजारी' (१९४१) मध्ये तेच गृहस्थ जिवबा पाटील होऊन आले. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहणारास क्षणभर शंका यावी की हा एकच नट आहे काय! पहिल्यात शहरी, सुशिक्षित, आपल्या चुकीने आतून पोखरलेला म्हातारा. दुसऱ्यात जमिनीला धरून असलेला, मैत्रीसाठी जीव टाकणारा आणि रुसला म्हणजे दगडासारखा होणारा खेडूत. बोलणे निराळे, बसणे निराळे. दाते स्वतःला घराबाहेर ठेवून पात्राच्या घरात शिरत. परकायाप्रवेश म्हणतात तो हाच. या मोजपट्टीने डेव्हिड यांना मोजले तर ते अपुरे पडतात, हे आम्ही प्रारंभीच मान्य करतो.

परंतु मोजपट्टी एकच आहे काय? आमच्या गावच्या धंद्यातून या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सुचले, ते वाचकांपुढे ठेवतो. पेणेत आणि आसपासच्या हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत वर्षभर गणपती घडतात. शेकडो मूर्ती एकाच साच्यातून निघतात. माती तीच, सोंडेचे वळण तेच, हातांची ठेवण तीच. अशा मूर्ती रांगेने वाळत ठेवलेल्या पाहिल्या तर ही निव्वळ नक्कल आहे असे परक्या मनुष्यास वाटावे. परंतु शेवटी जाणता कारागीर बारीक कुंचला घेऊन बसतो व डोळ्यांची आखणी करतो. त्या आखणीत साच्याचा काही संबंध नसतो. बुबुळ केसभर वर गेले तर मूर्ती रागावलेली दिसते, केसभर खाली आले तर पेंगुळलेली. आणि नेमके बसले म्हणजे मूर्ती आपल्याकडेच पाहत आहे असे वाटते. साचा विकत मिळतो, आखणी मिळत नाही. म्हणून मूर्ती घेणारे जाणकार गिऱ्हाईक प्रथम डोळ्यांकडे पाहते.

डेव्हिड यांची कला ही आखणीची कला होती. साचा त्यांना निसर्गाने दिला आणि चित्रपटाच्या धंद्याने तो त्यांच्यावर कायमचा बसविला. परंतु त्या साच्यात राहून ते दर वेळी डोळे निराळे काढीत. हे म्हणणे सप्रमाण दाखविणे आमचे काम आहे. त्यासाठी प्रथम 'बूट पॉलिश' कडेच वळू.

राज कपूर यांनी निर्मिलेला आणि प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. आई मेली, बाप तुरुंगात गेला आणि भोला व बेलू ही भावंडे कमला नावाच्या चाचीच्या पदरात पडली. ती त्यांना भीक मागावयास लावते आणि कमाई कमी पडली की झोडपते. त्याच वस्तीत जॉनचाचा राहतो. तो या पोरांना सांगतो की, उपाशी राहा पण हात पसरू नका. हात कामासाठी आहेत. पोरे पैपैसा लपवून साठवितात, ब्रश व पॉलिशची डबी घेतात आणि लोकांचे बूट पुसू लागतात. पुढे चाची त्यांना घराबाहेर काढते, पावसाळा लागून धंदा बुडतो, बहीणभावांची ताटातूट होते. अशी ती करुण कथा आहे.

कथेचा हा सांगाडा उपदेशपर आहे. जॉनचाचा हे पात्र एखाद्या सामान्य नटाच्या हाती पडते तर शाळेच्या क्रमिक पुस्तकातील धडा झाले असते. ते तसे झाले नाही, याचे एक कारण लेखकाचे आणि दुसरे नटाचे. लेखकाने केलेली युक्ती अशी की, पोरांना नीती शिकविणारा हा म्हातारा स्वतः चोरटी दारू विकतो. मुंबई इलाख्यात त्या वेळी दारूबंदी होती, म्हणजे जॉनचा धंदा सरळसरळ बेकायदेशीर. आणि त्यापायी तो तुरुंगातही जातो. ज्याच्या स्वतःच्या हाताला काळे लागले आहे तो पोरांना सांगतो की तुमचे हात बुटाच्या काळ्याने भरू द्या, भिकेच्या पैशाने नको. या विसंगतीत या भूमिकेचा सगळा जीव आहे.

आता नटाचे काम पाहा. पोरांना उपदेश करताना डेव्हिड आवाज चढवीत नाहीत, हात उगारीत नाहीत. ते पोरांच्या उंचीला येतात. त्यांची ठेंगणी देहयष्टी येथे त्यांच्या कामी आली आहे. उंच नटाने वाकून जे केले असते ते यांना न वाकता साधते. पोरांशी बोलताना त्यांचे तोंड हसते, पण डोळे हसत नाहीत. ते डोळे जणू म्हणत असतात की, 'बाळांनो, मी सांगतो ते खरे आहे, कारण मला ते जमले नाही.' ही जी आपल्याच अपयशाची जाणीव, तिने त्या उपदेशाला वजन येते. आपण केलेल्या चुका लेकरांनी करू नयेत असे वाटणारा बाप प्रत्येक घरात असतो; तो असाच बोलतो. आमच्या घरची बायकामाणसे पदर डोळ्यांना लावून बसली ती पोरांच्या हालांमुळे जितकी, तितकीच या म्हाताऱ्याच्या त्या अर्धवट हसण्यामुळे.

याच चित्रपटात तुरुंगातील एक गमतीचे गीत आहे. अडाणा रागाच्या अंगाने बांधलेले हे गीत मन्ना डे यांनी गायिले आहे. टक्कल पडलेले कैदी जमून मेघाची आळवणी करीत आहेत. पाऊस पडला की रान उगवते, तसे आपल्या डोक्यावरही काही उगवेल, अशी त्यांना आशा! डेव्हिड यांनी येथे आपल्या टकलाचा हुकमी विनोद केला आहे, आणि तो करताना एखाद्या पट्टीच्या गवयाचा आविर्भाव आणला आहे. गाणे पाहताना आपण मनमुराद हसतो. पण त्याच कथेत पावसाने रस्ते चिखलाचे होतात, बूट पुसून घेणारा कोणी उरत नाही आणि पोरे उपाशी पडतात. पावसासाठी इकडे हसत हात जोडलेले, तिकडे त्याच पावसाने चूल विझलेली. हे जोडून पाहिले म्हणजे हसणे घशाशी अडकते. विनोद आणि करुण हे रस एकमेकांच्या शेजारी नव्हे, तर एकाच घरात राहतात, हे दाखविणारी अशी स्थळे आमच्या चित्रपटांत फार थोडी आहेत.

या कामाबद्दल १९५५ साली डेव्हिड यांना साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. या वर्गातील ते पहिलेच पारितोषिक होते. म्हणजे हिंदी चित्रपटात दुय्यम भूमिकेलाही स्वतंत्र मान असतो, हे ज्या दिवशी प्रथम जाहीर झाले, त्या दिवशी तो मान कुलाब्याच्या किनाऱ्यावरील एका आडनावाने घेतला. बेलूची भूमिका करणाऱ्या बालनटी नाझ हिच्या कामाची कान येथील चित्रपट-महोत्सवातही विशेष नोंद झाली. परंतु त्या मुलीचा अभिनय इतका खुलला याचे श्रेय समोर उभ्या असलेल्या या वडीलधाऱ्या नटालाही दिले पाहिजे. लहान मुलांबरोबर काम करताना मोठे नट बहुधा दोनपैकी एक चूक करतात: मुलांना झाकून टाकतात, नाही तर त्यांचे नको इतके कौतुक करीत सुटतात. डेव्हिड यांनी मुलांना बरोबरीचे मानून काम केले आहे.

उत्तरवयात हृषीकेश मुखर्जी आणि बासू चटर्जी या दिग्दर्शकांनी त्यांचा चांगला उपयोग करून घेतला. 'अभिमान' (१९७३) मधील त्यांची भूमिका मिनिटांत मोजण्याइतकी लहान आहे. गायक नवरा व गायिका नववधू स्वागतसमारंभात जोडीने गातात, सर्वजण वाहवा करतात. आणि गाण्याचे मर्म जाणणारा हा एक वृद्ध पाहुणा मात्र शेजाऱ्याजवळ शंका बोलून दाखवितो की, बायकोचा गळा नवऱ्याहून सरस आहे, हे त्या नवऱ्याला पुढे सोसेल काय? सर्व चित्रपटाचे बीज या एका वाक्यात आहे. ते असे उच्चारावयाचे की प्रेक्षकाने ऐकावे, पण समारंभाचा रंग बिघडू नये. डेव्हिड ते हसतमुखाने बोलतात. मात्र बोलून झाल्यावर त्यांची नजर त्या जोडप्यावर जरा अधिक रेंगाळते. जॉनचाचाच्या डोळ्यांत स्वतःविषयीची खंत होती. येथे दुसऱ्याविषयीची काळजी आहे. साचा तोच, आखणी निराळी.

'चुपके चुपके' (१९७५) मधला हरिपद हा थट्टेच्या कटात सामील झालेला प्रौढ गृहस्थ आहे. त्याच्या डोळ्यांत शाळकरी पोराचा खोडकरपणा आहे, आणि तो लपविण्याची त्याची धडपड हाच खरा विनोद आहे. 'गोलमाल' (१९७९) मधले डॉक्टर केदार हे भाच्याला नोकरी मिळावी म्हणून मालकाच्या विक्षिप्तपणाची सगळी माहिती पुरविणारे मामा. आखूड कुडते आणि मिशी यांवर माणसाची पारख करणाऱ्या मालकाचे वर्णन ते ज्या गांभीर्याने करतात, ते पाहून त्यांचे कायद्याचे शिक्षण वाया गेले नाही असे वाटते. अशील साक्षीला पढवावा तसे ते भाच्याला पढवितात. त्याच वर्षीच्या 'बातों बातों में' या चित्रपटात वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीतील टॉम काका होऊन ते लोकलच्या गर्दीत दोन तरुण जिवांची गाठ घालून देतात. लग्ने जुळविण्याची हौस असलेला असा एक काका आमच्या प्रत्येक घराण्यात आहे; त्याला केवळ पाटलोण घातली की तो टॉम होतो. पात्र ख्रिस्ती असो, बंगाली वळणाचे असो की उत्तर हिंदुस्थानी असो, डेव्हिड त्याच्या जातिधर्माची नक्कल करीत बसत नाहीत. ते त्याचे नाते तेवढे उचलतात. हिंदुस्थानात काका सर्वत्र सारखाच असतो, ही त्यांची श्रद्धा असावी; आणि प्रेक्षकांनी ती खरी ठरविली.

इतके गुण सांगितल्यावर दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर ही टीका न राहता स्तुतिपाठ होईल. डेव्हिड यांच्या चांगुलपणाला बहुतेक चित्रपटांत काही किंमत मोजावी लागत नाही. जॉनचाचा चांगला आहे तो वाईट धंद्यात राहून. म्हणून त्याचा चांगुलपणा आपल्याला कमावलेला वाटतो. पुढील कित्येक भूमिकांत हा चांगुलपणा आयता आलेला आहे. काका आले, हसले, अडचण सोडवून गेले. त्यांच्या मनात कधी मत्सर आला काय, त्यांना कधी पैशाची ओढ लागली काय, त्यांनी कधी कोणाला फसविले काय, हे विचारण्याची फुरसत लेखकाला नव्हती. अशा जागी डेव्हिड यांच्या हसण्यात गोडवा फाजील होतो, पाकात पडलेल्या पोह्यासारखा. क्रौर्य, कपट किंवा विकार रंगविण्याची संधी त्यांना क्वचित मिळाली, आणि ती त्यांनी हट्टाने मागून घेतल्याचे दिसत नाही. दाते यांनी 'कुंकू'मध्ये स्वतःविषयी घृणा उत्पन्न होण्याचा धोका पत्करला होता. डेव्हिड यांनी प्रेक्षकांचे प्रेम पणाला लावले नाही. नट म्हणून ते ज्या उंचीवर जाऊ शकले असते तेथे न पोहोचण्याचे हे एक कारण होय.

परंतु दुसरेही एक कारण आहे, आणि त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. ज्याचे स्वतःचे घर चित्रपटाला ठाऊकच नाही, त्या नटाने सर्वांच्या घरचा पाहुणा होण्यावाचून काय करावे? ख्रिस्ती, हिंदू अशी नाना घरांतली वडीलधारी माणसे त्यांनी केली. पण मराठी बोलणारा, शनिवार पाळणारा, ओवीत अब्राहामाची कथा ऐकत वाढलेला कोकणातला बेने इस्रायल गृहस्थ अशी भूमिका त्यांच्या वाट्यास आल्याचे आम्हांस आठवत नाही. हिंदी चित्रपटाने ती लिहिली नाही, कारण त्याला तो समाज माहीत नव्हता. आणि आम्ही मराठी लोकांनी ती लिहिली नाही, कारण तो समाज इतका जवळ होता की आम्हांला दिसला नाही. डेव्हिड यांच्या हाती आपल्या स्वतःच्या मुलखाची, स्वतःच्या भाषेतली, गुणदोषांनी भरलेली एखादी भूमिका पडली असती तर तो साचा फुटला असता काय, हा प्रश्न आता निरुत्तर राहणार.

त्यांचे वक्तृत्व मात्र कोणत्याच साच्यात अडकले नाही. चित्रपटसृष्टीतील मोठमोठ्या समारंभांचे सूत्रसंचालन ते करीत. हजारो लोकांपुढे उभे राहून, कोणाचा उपमर्द न करता, सर्वांना हसत ठेवावयाचे, ही विद्या त्यांना साधली होती. आम्हांस यात त्यांच्या समाजातील कीर्तनकाराचा वारसा दिसतो. कीर्तनकार मूळ कथेतला नायक नसतो. तो बाजूला उभा राहून नायकाची कथा रंगवितो, मध्येच थट्टा करतो, मध्येच डोळे ओले करतो आणि शेवटी सभेला शहाणे करून घरी पाठवितो. चित्रपटातही डेव्हिड यांनी बहुधा हेच केले. या विनोदी, गुबगुबीत दिसणाऱ्या गृहस्थाला भारोत्तोलनाच्या खेळाचा मोठा षोक होता व त्या खेळातील जाणकार म्हणून त्यांचा मान होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. वजन उचलताना चेहऱ्यावर ते दिसू द्यावयाचे नाही, हे ते तेथूनच शिकले असावेत! सरकारने १९६९ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

आयुष्याच्या अखेरीस डेव्हिड कॅनडास गेले आणि १९८१-८२ च्या हिवाळ्यात टोरोंटो येथे त्यांचे देहावसान झाले. कोकण त्यांच्या समाजाने त्यापूर्वीच मोठ्या प्रमाणावर सोडले होते. १९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यावर वर्षानुवर्षे कुटुंबांमागून कुटुंबे तिकडे गेली. पेण, रोहे, अलिबाग, रेवदंडा येथील त्यांची प्रार्थनामंदिरे आजही त्यांची आठवण देतात. पण प्रार्थनेला लागणारी दहा माणसे गावात मिळणे कठीण झाले. गेले ते कोणाच्या त्रासाने गेले नाहीत, ही या मुलखाच्या अभिमानाची गोष्ट आहे. आणि ते मराठी घेऊन गेले. इस्रायलात त्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. म्हणजे त्यांनी आम्हांला सोडले तरी भाषेला सोडले नाही. आम्ही मात्र त्यांच्यापैकी एकाचा चेहरा चाळीस वर्षे पडद्यावर पाहिला, आणि तो आपल्या भाषेत वाढलेला आहे याची चौकशीही केली नाही.

मराठी नटांचा इतिहास लिहिताना आम्ही मराठी नाटकांत व मराठी चित्रपटांत ज्यांनी कामे केली तेवढ्यांचीच नावे मांडतो. ही पद्धत सोयीची आहे, पण पुरेशी नाही. नटाची भाषा केवळ त्याच्या तोंडचे संवाद नव्हेत. गोष्ट सांगण्याची त्याची रीत, थट्टेचे त्याचे प्रमाण, वडीलकीचा त्याचा सूर हीही त्याची भाषाच. आणि या गोष्टी ज्या मातीत तो वाढला त्या मातीच्या असतात. या अर्थाने जॉनचाचा हिंदी बोलतो, पण त्याचे वागणे कुलाब्याकडच्या एखाद्या गरीब, चुकलेल्या, मायाळू काकाचे आहे. ज्यांना रंगभूमी व चित्रपट यांच्या इतिहासाची आवड आहे, त्यांनी जोसेफ डेव्हिड पेणकर आणि डेव्हिड अब्राहम चेऊलकर या दोघांसाठी आपल्या ग्रंथात एक प्रकरण राखून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. जुनी कीर्तने आणि जुनी घरे यांची आठवण असणारी माणसे अजून आहेत तोवर हे काम व्हावयास हवे.

आमच्या नातवाचा प्रश्न तेवढ्यावर संपला नव्हता. चित्रपट पुरा झाल्यावर त्याने पुन्हा विचारले, "मग चौलला त्यांचे घर आहे का?" आम्ही त्याला सांगितले की घर ठाऊक नाही, पण गाव आहे, पाऊस उघडला म्हणजे जाऊ. वाटेत पेझारी लागते, पुढे अलिबाग लागते, आणि नवगावास त्या जुन्या लोकांची दफनभूमीही आहे. ती पाहून मग चौलास उतरू. त्या वाटेने आम्ही आजवर किती वेळा गेलो असू, याची गणती नाही. परंतु या वेळी प्रत्येक पाटी वाचीत जाणार आहोत.